फेब्रुवारीतला उन्हाळा आणि आमची नऊ ग्रीन्स

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं आमच्या घरी आजीपासून सगळे म्हणत आलेत. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, आणि बडोद्यातली थंडी त्याच्या कितीतरी आधीच निघून गेली होती. उत्तरायणातला मांजा अजून झाडांना लटकत होता आणि दुपारी मैदानावर टोपीशिवाय उभं राहवत नव्हतं. पुढे हवामान खात्यानं जाहीर केलं की देशाच्या सरासरी तापमानाचा विचार केला तर १९०१ पासूनचा हा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी होता: २२.०४ अंश, म्हणजे नेहमीपेक्षा १.३४ अंश जास्त. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. गवताच्या मुळाशी ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांना तो किरकोळ वाटत नाही.

मी शहराच्या पूर्वेला असलेल्या एका नऊ होलच्या गोल्फ मैदानाची हिरवळ सांभाळतो. बडोद्याला हा खेळ नवा नाही, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात गायकवाडांच्या काळापासून गोल्फ खेळला जातो. आमचं मैदान त्यामानानं अलीकडचं, सभासद मोजके, माळी त्याहून मोजके. शेतकीचं शिक्षण झाल्यावर मी या कामात आलो तेव्हा नातेवाइकांना वाटलं, गवत तर कापायचं आहे. पण तीन-साडेतीन मिलिमीटर उंचीवर वर्षभर जिवंत ठेवायचं पीक दुसरं कुठलं असेल, तर मला ते माहीत नाही. ज्यावर चेंडू लोळवत भोकात घालायचा, ती जागा म्हणजे ग्रीन. तिथल्या रोपाला पान जवळपास ठेवतच नाही आम्ही. वर जेवढं काढून घेतो, तेवढं सगळं त्याला मुळांच्या आणि जमिनीलगतच्या धावत्या काड्यांच्या जोरावर भरून काढावं लागतं.

आमच्या ग्रीन्सवर टिफड्वार्फ आहे. गणपतीला आपण दूर्वा वाहतो ती हरळी, आणि दक्षिण आफ्रिकेतली तिची एक बारीक पानाची बहीण, यांच्या संकराच्या वंशातली ही जात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रातून ती १९६५ मध्ये बाहेर आली. तिला रुजणारं बी येत नाही. एखादा तुकडा मेला तर बी फेकून भागत नाही, आपल्या रोपवाटिकेतून तेवढाच तुकडा कापून आणून बसवावा लागतो. म्हणून ग्रीनवर काही मरू द्यायचं नाही, हा या कामातला पहिला हिशेब.

ही उष्ण हवेची जात. हवा २७ ते ३५ अंश असली की ती जोमानं वाढते, मातीच १८ अंशांच्या खाली गेली की सुस्तावते, आणि १० च्या आसपास झोपते. बडोद्यात ती पूर्ण कधीच झोपत नाही. डिसेंबर-जानेवारीत रंग उतरतो, पानांवर जांभळट झाक येते, कापणीत निघणारं गवत मूठभर होतं. मग फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर ती हळूहळू अंगात येते. ते हळूहळू येणं फार महत्त्वाचं असतं, कारण तेवढ्यात मुळांना वेळ मिळतो. जिथं थंडीत हरळी पूर्ण वाळते त्या मुलखात तर हिरवी होताना तिची जुनी मुळं झपाट्यानं मरतात आणि नवी यायला काही आठवडे लागतात. वरून हिरवीगार आणि खाली जवळजवळ निराधार, अशी मधली एक अवस्था येते. आमच्याकडे इतकं टोकाचं होत नाही, पण थंडीनं मुळं आखडलेली असतातच.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच आमच्या माळ्यांपैकी सगळ्यात जुने काका म्हणाले, “भाई, आ तो उनाळो आवी गयो.” त्यांनी थर्मामीटर पाहिला नव्हता. सकाळच्या कापणीनंतर यंत्राच्या पेटीतलं गवत ते हातानं चाचपून पाहतात. ते एकदम वाढलं होतं, ओलसर होतं, बोटांना चिकटत होतं. मी मातीचा थर्मामीटर दहा सेंटिमीटर खोल खुपसला. सूर्योदयाच्या वेळी, म्हणजे माती सगळ्यात थंड असते तेव्हा, तो २१ च्या वर होता. आदल्या वर्षांच्या वहीत हा आकडा मार्चच्या पानावर सापडतो.

दोन दिवसांत ग्रीन्स हिरवी दिसू लागली. सभासद खूश झाले. एकानं फोटो काढून सगळ्यांना पाठवला. होळीनंतर स्पर्धा होती, तिची तयारी समितीत सुरू झाली. क्लबचे कॅप्टनसाहेब सकाळी फिरायला आले, पहिल्या ग्रीनवर उभे राहिले आणि म्हणाले, “काय रंग आलाय! आता एक युरियाचा हात मारा आणि उंची खाली आणा. मार्चमध्ये बॉल पळाला पाहिजे.”

मी त्यांना म्हटलं, “साहेब, एक मिनिट थांबा, खालचं दाखवतो.”

होल पाडायच्या कटरनं मी कडेचा एक कोअर काढला. हा साधारण दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचा मातीचा दंडगोल असतो. तो वर्तमानपत्रावर आडवा ठेवून मधोमध चिरला. वरचे तीन-चार मिलिमीटर हिरवे. त्याखाली बोटाच्या पेराहून कमी जाडीचा तपकिरी थर, मेलेल्या काड्या आणि मुळांचा, ज्याला आम्ही थॅच म्हणतो. आणि त्याखाली रेती. रेतीत मुळं दिसत होती ती जेमतेम चार-पाच सेंटिमीटरपर्यंत, त्यातली बरीच तपकिरी, ओढली की साल हातात येणारी. पांढरी, ताजी मुळं नुसती सुरू झालेली, नखाएवढी. कोअरचा खालचा अर्धा भाग रिकामा होता. नुसती रेती, हात लावला की सुटून पडणारी.

कॅप्टनसाहेब बराच वेळ ते पाहत राहिले. मी त्यांना एवढंच सांगितलं की वरचा हा हिरवा रंग नव्या मुळांच्या कमाईचा नाही, काड्यांमध्ये साठवलेल्या पिठावर, म्हणजे स्टार्चवर, तो आलाय. आता नत्र दिलं तर रोप सगळं पीठ पान काढण्यात घालवेल. मुळं आहेत तिथंच राहतील, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की हीच ग्रीन्स दुपारी बाराला माना टाकतील. ते समंजस माणूस आहेत. म्हणाले, “मग रंग कमी झाला तर लोकांना मी काय सांगू?” रंगाची सोय माझ्याकडे होती. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून हलकी फवारणी केली की पान गर्द होतं आणि वाढ उसळत नाही. सकाळी लवकर, सौम्य प्रमाणात, आणि बाजूच्या सिमेंटच्या वाटेवर उडू न देता, कारण तिथं पडलेले गंजाचे डाग जात नाहीत. नत्र आम्ही बंद केलं नाही, पण चमच्याचमच्यानं दिलं: चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, अमोनियम सल्फेटमधून, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं. सोबत पोटॅश. वाढीच्या भर हंगामात हीच ग्रीन्स महिन्याला चार-पाच ग्रॅम सहज खातात, त्यावरून हात किती आखडला होता ते कळेल.

कापणीची उंची खाली आणायची की वर न्यायची, यावर आमच्यात खरा वाद झाला. सगळ्यांचा कल खाली आणण्याकडे, कारण गवत वाढतंय तर कापा. मी साडेतीनवरून सव्वाचार मिलिमीटरवर नेली. पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण इतक्या बुटक्या रोपाला तेवढ्यानं पानाचं क्षेत्र बरंच वाढतं आणि पान वाढलं की मूळ खाली जायला बळ मिळतं. चेंडूचा वेग सांभाळायला कापणीऐवजी रोलर फिरवला, एक दिवसाआड, हलका. त्यानं वेग बराचसा भरून निघाला. ज्यांना फरक जाणवला त्यांनी तो बोलून दाखवला आणि ते बरोबरच होतं, खेळणाऱ्याला वेग हवा असतो. मला एप्रिल-मेमध्ये ग्रीन हवं होतं.

सिलिंडर मोअरचं, म्हणजे आमच्या गवत कापायच्या यंत्राचं, पातं मात्र त्या महिन्यात रोज तपासलं. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी घेऊन फिरतं पातं आणि खालचं स्थिर पातं यांच्यात धरायची आणि सिलिंडर हातानं फिरवायचा. कागद पूर्ण रुंदीभर कात्रीनं कापल्यासारखा सुटला पाहिजे. कुठं नुसता दुमडला तर तिथं गवतही कापलं जात नाही, फाटतं. फाटलेल्या टोकातून पाणी जास्त उडतं आणि दुसऱ्या दिवशी ग्रीनवर राखाडी छटा दिसते. थंडीत हे खपून जातं. कोरडा वारा सुटलेल्या फेब्रुवारीत खपत नाही.

त्या महिन्याचा पहिला पंधरवडा विचित्र होता. दुपार तापलेली, पण पहाट अजून गार आणि दव भरपूर. असं झालं की डॉलर स्पॉट नावाचा बुरशीरोग हमखास डोकं वर काढतो, आणि नत्र कमी असेल तर त्याला आणखी फावतं. म्हणजे मी मुळांसाठी जो हात आखडला होता, तोच इथं नडू शकत होता. माझ्यासाठी हा सगळ्यात काळजीचा भाग होता. तिसऱ्या आणि सहाव्या ग्रीनवर रुपयाच्या नाण्याएवढे फिकट डाग दिसले. पहाटे उजाडण्याच्या वेळी वाकून पाहिलं की दवात पांढरे तंतू दिसत होते. कोळ्याची जाळीही त्या वेळी गवतावर असतातच, पण जाळं पानांच्या वर ताणलेलं असतं आणि बुरशीचे तंतू पानापानात गुंतून खाली उतरलेले असतात. पानाच्या मधोमध फिकट पट्टा आणि त्याला तांबूस कडा दिसली की शंका उरत नाही.

औषध फवारण्याआधी आम्ही दव झटकायला घेतलं. लांब, लवचीक बांबूची काठी घेऊन ग्रीनच्या कडेनं चालत ती गवतावरून आडवी फिरवायची. दव गळून पडतं, पानं तासभर तरी लवकर सुकतात. काका हे काम इतक्या एका लयीत करतात की नवी पोरं बघत राहतात. पाणी द्यायची वेळ संध्याकाळची होती ती पहाटेवर आणली, म्हणजे पान रात्रभर ओलं राहू नये. त्या दोन ग्रीन्सना नत्राचा एक चमचा जास्त दिला. बुरशीनाशक फक्त तिथंच, एकदाच मारावं लागलं. महिनाअखेरीस दवच पडेनासं झालं आणि तो रोग आपोआप हटला.

त्याची जागा कोरडेपणानं घेतली.

चौथं ग्रीन आमचं सगळ्यात उंच, उघड्यावरचं, पश्चिमेचा वारा थेट अंगावर घेणारं. त्याच्या माथ्यावर हातभर रुंदीचा एक निळसर-करडा पट्टा दिसू लागला. त्यावरून चालून मागं वळून पाहिलं तर बुटांचे ठसे तसेच राहिलेले. तजेलदार गवत पाय उचलताच उभं राहतं. ठसा राहिला म्हणजे पानात पाणी नाही. पोरांनी त्यावर पाइप धरला. सकाळी धरला, दुपारी धरला. वर पाणी साचायचं, वाहून उतारावर जायचं आणि पट्टा तसाच. काका म्हणाले, “पाणी नीचे ऊतरतुं ज नथी.”

मी तिथला कोअर काढला. बाहेर पाण्यानं चिखल झालेला आणि दोन सेंटिमीटर खाली रेती कोरडी ठक्क, फुंकली तर उडेल अशी. कोअर आडवा ठेवून त्यावर ओळीनं पाण्याचे थेंब सोडले. थॅचच्या थराखाली पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरवर थेंब अळवाच्या पानावर थांबावेत तसे गोल होऊन थांबले. मी घड्याळ लावून बसलो, मिनिट उलटून गेलं तरी ते आत शिरेनात. त्याखाली सोडलेला थेंब मात्र लगेच मुरला.

याचं कारण असं की गवताची मुळं-काड्या कुजताना मेणासारखे पदार्थ सुटतात आणि ते रेतीच्या दाण्यांवर लेप धरतात. रेती ओली असते तोवर हे लपून राहतं. एकदा ती पूर्ण सुकली की तिला पाणी नकोसं होतं आणि मग कितीही ओता, ते बाजूनं निघून जातं. दरवर्षी आम्हाला हे एप्रिलच्या मध्याला दिसतं. ऊन लवकर आलं म्हणून ते फेब्रुवारीत उभं राहिलं, आणि तेव्हा मुळं चार सेंटिमीटरवर होती.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी लागते. बारीक काट्यांच्या फोर्कनं तो पट्टा सगळा टोचून काढला, दर दोन बोटांवर एक भोक. मग वेटिंग एजंट पाण्यातून झारीनं दिलं. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि लेप धरलेल्या दाण्यांवरही ते पसरतं. त्यानंतर पाणी एकदम न देता पाच मिनिटं द्यायचं, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा पाच मिनिटं. काका आणि मी एक सकाळ त्या पट्ट्यावरच होतो. तिसऱ्या फेरीला पाणी वाहायचं थांबलं आणि मुरायला लागलं. पुन्हा कोअर काढून पाहिला, ओल सात-आठ सेंटिमीटरपर्यंत गेली होती. मग बाकीच्या आठ ग्रीन्सना, पट्टे दिसायची वाट न पाहता, हेच औषध दिलं. माझ्या मते त्या वसंतात आम्ही केलेल्या कामांत हे सगळ्यात मोलाचं होतं. चौथ्या ग्रीनच्या माथ्यावरचा ताटाएवढा एक तुकडा गेलाच, तो नंतर रोपवाटिकेतून आणून बसवला.

पाण्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण गोल्फचं नाव काढलं की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो आणि तो यायलाच हवा. हिशेब असा. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमची नऊ ग्रीन्स मिळून साधारण चार हजार चौरस मीटर. उन्हा-वाऱ्यात दिवसाला पाच मिलिमीटर उडालं तर ते भरायला वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. पण फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणारा लांब हिरवा पट्टा, सहा हेक्टरच्या आसपास आहे. तिथं तेच पाच मिलिमीटर द्यायचे तर रोज तीन लाख लिटर. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा तलाव बांधून पिण्याचं पाणी दिलं, ते शहर आजही पितं. त्या पाण्याला खेळाच्या मैदानानं हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं. आमचं पाणी आमच्या तळ्याचं आणि बोअरचं. तळ्यात पावसाळ्याचं जे साठतं ते जूनपर्यंत पुरवायचं असतं. उन्हाळा महिनाभर आधी आला म्हणजे ते पाणी महिनाभर आधीपासून उपसायला लागायचं, आणि पाऊस काही त्यासाठी लवकर येणार नाही.

म्हणून फेब्रुवारीतच समितीपुढे नकाशा ठेवला. ग्रीन्सना पूर्ण पाणी. टी-बॉक्सना, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागांना, निम्मं. फेअरवेवर जिथं बहुतेकांचे चेंडू पडतात तेवढ्याच टापूला, तेही चार-पाच दिवसांआड पण खोल. बाकी सगळा रफ, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत, पावसापर्यंत पिवळा. एका ज्येष्ठ मराठी सभासदांना हे पटलं नाही. रावपुऱ्यातल्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, “अरे, पैसे भरतो आम्ही, आणि तू मैदान वाळवतोस?” मी त्यांना म्हटलं, “काका, फेअरवेवरची हरळी मरत नाही. जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात, पहिल्या दोन पावसांत परत येते. ग्रीनवरची गेली तर वर्ष जातं.” त्यांनी मान्य केलं असं म्हणणार नाही. पण मे महिन्यात त्यांनीच दुसऱ्या एकाला हे समजावून सांगताना मी ऐकलं.

बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. रोज थोडंथोडं पाणी दिलं की क्षार वरच्याच थरात साठतात, म्हणून तळ्याच्या पाण्यानं महिन्यातून एकदा ग्रीन्स खोलवर धुऊन काढली. यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये ग्रीन बांधायची जी पद्धत ठरवून दिली, तिच्यात वर तीस सेंटिमीटर रेतीचा थर आणि खाली दहा सेंटिमीटर खडी असते. आमची ग्रीन्स त्याच धर्तीवर बांधलेली आहेत, त्यामुळे पाणी खाली निघून जाऊ शकतं. साध्या गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याच्या, जमिनीवर बांधलेल्या ग्रीनला हे इतक्या सहजी करता येणार नाही.

कडुलिंबाची पानगळ याच दिवसांत येते. सातव्या आणि आठव्या ग्रीनभोवती मोठे लिंब आहेत. पहाटे झाडून घेतलं तरी दहा वाजेपर्यंत पुन्हा पिवळी पानं. मोअरखाली आली की पात्यात अडकतात, रात्रभर राहिली तर खालचं गवत पांढुरकं पडतं. त्या दोन ग्रीन्सवर दिवसातून तीनदा खराटा फिरला. आठव्याच्या बंकरच्या, म्हणजे रेतीच्या खड्ड्याच्या, कडेला टिटवीनं चार अंडी घातली, मातीच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची, पायाखाली आली असती तरी कळलं नसतं. त्याभोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि तिथं यंत्र न्यायचं बंद केलं. पिल्लं निघेपर्यंत तो कोपरा तसाच वाढू दिला. टिटवी मात्र माळी दिसला की डोक्यावर घिरट्या घालून ओरडायची, आणि खेळणाऱ्यांना विनाकारण दटावून घ्यावं लागायचं.

सगळ्यात अवघड निर्णय पोकळ टाइन मारण्याचा होता. पोकळ नळ्यांच्या यंत्रानं ग्रीनला ओळीनं भोकं पाडायची, आतून निघालेल्या मातीच्या कांड्या उचलून न्यायच्या आणि भोकं रेतीनं भरायची. थॅच कमी होतो, मुळांना हवा मिळते, पण दोन-तीन आठवडे ग्रीन खेळायला खडबडीत होतं. आमच्याकडे हे एप्रिलच्या शेवटी करतात. फेब्रुवारीत उन्हाळा आलाय तर हेही आत्ताच उरका, असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं, आणि तारखेवरून नाही तर कोअर बघून ठरवू असं सुचवलं. मुळं पांढरी होऊन आठ सेंटिमीटरच्या पुढे गेली की हात घालायचा, त्याआधी नाही. तोवर फक्त बारीक भरीव टाइन मारल्या, ज्यांची भोकं दोन दिवसांत मिटतात.

स्पर्धा झाली. ग्रीन्स सगळ्यात वेगवान नव्हती, पण नवाच्या नवांवर चेंडू सरळ पळाला. त्याच आठवड्यात काढलेल्या कोअरमध्ये मुळं नऊ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती, पांढरी, केसांसारखी दाट. तेव्हा, म्हणजे मार्चच्या शेवटी, नेहमीपेक्षा महिनाभर आधी, पोकळ टाइन मारल्या. रेती बोडेलीची, ओरसंग नदीची. बांधकामाला इकडे सगळे तीच वापरतात, पण ग्रीनला ती तशीच चालत नाही. पाव ते एक मिलिमीटर या मापाचे दाणे निदान साठ टक्के तरी हवेत, आणि चिकणमाती जवळजवळ नको. म्हणून दुहेरी चाळणीनं चाळली, धुतली, वाळवली. मग पसरून, लोखंडी जाळी ओढून भोकांत उतरवली. माती आधीच गरम असल्यामुळे काड्या भराभर धावल्या. एप्रिलमध्ये भोकं बुजायला जेवढे दिवस लागतात त्याहून कमी दिवसांत ग्रीन मिटलं. लवकर आलेल्या उन्हाळ्यानं आम्हाला दिलेला हा एकच फायदा, आणि आधी मुळांना वेळ दिला होता म्हणून तो घेता आला.

एप्रिलच्या उत्तरार्धात, पारा चाळीस ओलांडून गेल्यावर, दुपारी दीडच्या सुमारास मी नवाही ग्रीन्सवरून चालत गेलो. ठसे उठले ते फक्त चौथ्याच्या माथ्यावर. तिथं दोन मिनिटं हलका फवारा मारला. पाणी मुरण्यासाठी नाही, पान थंड करण्यासाठी.

२०२२ चा मार्च, २०२३ चा फेब्रुवारी आणि मग २०२५ चा फेब्रुवारी: तिन्हींनी १९०१ पासूनच्या नोंदींत उष्णतेचा कुठला ना कुठला विक्रम मोडलाय. त्यामुळे आम्ही कामाचं वेळापत्रक तारखांवरून काढून मातीच्या तापमानावर नेलंय. वेटिंग एजंटची पहिली मात्रा आता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात देतो, पट्टे दिसोत न दिसोत. बोडेलीची रेती पावसाळ्यानंतर लगेच चाळून, झाकून ठेवतो. रोपवाटिकेचा वाफा दुप्पट केलाय. चौथ्या ग्रीनच्या पश्चिमेला वाऱ्याला आडोसा म्हणून करंजाची ओळ लावायची आहे. सावली ग्रीनवर पडू नये इतकी ती लांब हवी, कारण हरळीला सावली सोसत नाही. अंतर मोजून खुंट्या रोवल्यात, रोपं पहिल्या पावसाला लावू.